रिमवरचा अंगठा

अस्मा शिकलगार रांगेत शेवटून दुसरी उभी होती आणि तिच्यामागचा माणूस तिला काही ऐकवत नव्हता, एवढ्यावरही मला त्या सकाळी बरं वाटत होतं. बाकी प्रत्येकाचं काही ना काही ऐकवून झालं होतं. घाट म्हणजे काय गावातला रस्ता नव्हे, पोरीच्या जातीला मनगटात जोर कुठला, पडलीस तर उद्या तुझं लग्न कोण करणार. ती मान खाली घालून सायकलची घंटी पुसत होती. घंटी केव्हाच लख्ख झाली होती.

तिचा नंबर आला तशी मी पुढं होऊन हँडल धरलं, पुढचं चाक जमिनीवरून उचललं आणि हाताने गरगर फिरवलं. समोर, आमच्या सायकलच्या दुकानाच्या दारात, स्टुलावर मामा बसले होते. मामा म्हणजे माझे सासरे, गावाचे आप्पा मिस्त्री. त्यांनी नेहमीसारखा उजव्या हाताचा अंगठा फिरत्या रिमच्या कडेला टेकवला, जिथं ब्रेकचं रबर घासतं तिथं. त्यांची नजर मात्र चाकावर नव्हती. ती वर, माझ्याकडे होती. त्यात नवल नव्हतं, तपासताना ते तसंच बघायचे. बोटांनी बघणाऱ्याला डोळ्यांचं काय काम, असं मी समजून चालले होते.

अस्माने मान वर केली. घाबरलेली होती, पण ओठ असे दाबून धरलेले, की बघून मला हसूच आलं. आमच्या गावातून घाट उतरणारी ती पहिली मुलगी होती.

मामांनी चाक थांबवलं, अंगठा कुंकवाच्या डबीत बुडवला आणि हँडलखालच्या नळीवर उठवला. झाली खूण. लोकांत थोडी कुजबुज झाली, पण खुणेपुढे कोण बोलणार. मी सायकल खाली ठेवायला वाकले आणि माझं मधलं बोट रिमच्या कडेवरून घसरलं.

ते घसरून खाली गेलं. चमच्याच्या पोटात जावं तसं.

हे काय ते सांगायला हवं. आमचं माणखिंड घाटमाथ्यावरचं गाव. दसऱ्याला गावातल्या आपट्याची पानं आमच्याकडे सोनं म्हणून चालत नाहीत. सीमा ओलांडून, म्हणजे घाट उतरून, तळकोंडच्या रवळनाथाच्या राईतली आणावी लागतात, आणि तीही सायकलवरून. ही पद्धत दूधवाल्यांनी आणि पोस्टमननी पाडली म्हणतात. एस.टी. आली, मोटारसायकली आल्या, पण सोनं अजून सायकलवरूनच वर येतं. आणि खाली जाण्याआधी प्रत्येक सायकल आप्पा मिस्त्रींच्या अंगठ्याखालून जाते. खूण नाही तर घाट नाही. एका सभापतीच्या भाच्यालाही त्यांनी परत पाठवलं होतं.

कारण आमच्या घाटातली माती लाल आणि खरखरीत. ती ब्रेकच्या रबरात शिरते, आणि मग ब्रेक लावला की रबर रिमला कानस लावल्यासारखं खात राहतं. रिमची भिंत बाहेरून खोलगट होत जाते, पातळ होत जाते. आतून टायरची हवा तिला ढकलत असते. सपाटीवर वर्षानुवर्षं काही होत नाही. उतारावर ब्रेक दाबून धरला, रिम तापली, की ती पिकलेला फणस उकलावा तशी उकलते. पुढचं चाक असलं तर पुढं काय होतं ते सांगायची गरज नाही. आमच्या घाटात देवीच्या वळणाला तेव्हा कठडा नव्हता.

मी वाकलेलीच राहिले. नख टेकवून पुन्हा एकदा कडेवरून फिरवलं. बुडालं. दुसऱ्या बाजूला फिरवलं. तिथंही.

मी हळूच म्हटलं, "मामा, हे एकदा परत बघता?"

"बघितलं की."

"पुढचं चाक. डावीकडची कड."

"बघितलं म्हटलं न्हवं," मामा म्हणाले, आणि शेवटच्या माणसाला हाताने पुढं बोलावलं.

एवढ्या लोकांत तिसऱ्यांदा म्हणायची माझी छाती झाली नाही. एकदा लावलेली खूण पुसायची नाही, हा त्यांचाच नियम होता. पुसली तर मग गाव कशाच्या भरवशावर उतारावर जाणार, असं ते म्हणायचे. आणि मी ते बोलले नाही, त्याला आणखी एक कारण होतं. ते फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं.

गणपतीत, आरती चालू असताना, मामांनी निरांजनावरून हात फिरवायला पुढं केला आणि त्यांचा अंगठा ज्योतीवर तसाच राहिला. मी बघत होते. कातडी काळवंडली, जळका वास आला, आणि मामा डोळे मिटून तालात आरती म्हणत होते. मीच त्यांचा हात ओढला. तेव्हा त्यांनी अंगठ्याकडे असं पाहिलं, की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. त्यांना साखर होती, बरीच वर्षं. डॉक्टर पायांना जपा म्हणायचे. बोटांचं कुणी काही बोललं नव्हतं.

मी ते रात्री नवऱ्याला सांगितलं. प्रल्हाद म्हणजे चांगला माणूस. भांडण दिसलं की त्याला लगेच काहीतरी आणायला बाजारात जायचं असतं. तो म्हणाला, आप्पांना अंगठ्यावरून काढलं तर ते दिवाळी बघणार नाहीत, तू कुठं बोलू नको. मीही मग मनाची समजूत घातली. दसऱ्याआधीचा पंधरवडा गावातल्या सगळ्या सायकली आमच्या दुकानात येऊन जातात. चाकाचा आऊट काढ, म्हणजे लचकणारं चाक सरळ कर, रबरं बदल, तारा आवळ, हे सगळं आता मीच करायची. मी सातवी शिकलेली, लग्न होऊन आले तेव्हा पंक्चर म्हणजे काय तेही माहीत नव्हतं, पण आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दुकानात उघडते. भाकरी थापता थापता जेवढं दिसलं तेवढं शिकले. तर या सायकली माझ्या हाताखालून गेलेल्या असणार, मामांचा अंगठा नुसता मानाचा, असा माझा हिशेब होता.

अस्माची सायकल त्या हिशेबात नव्हती. ती आदल्या संध्याकाळी एस.टी.च्या टपावरून आली होती, पुण्याच्या तिच्या मामेभावाची, वापरलेली, गिअरची, अॅल्युमिनियमच्या रिमांची. नवीन रंगाची, म्हणून नवीन दिसणारी. मी ती तोवर पाहिलीही नव्हती.

खुणा झाल्या की सायकली वेशीवर रांगेने लावतात. तिथं आरती, नारळ, आणि मग पाटलांची शिट्टी. मी रांगेतून अस्मापर्यंत गेले. ती गडहिंग्लजला नर्सिंगला होती, लहानपणी आमच्याच दुकानात हवा भरायला येऊन तासन् तास बसायची. तिचे वडील बाबालाल शिकलगार सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे, मामांचे दोस्त. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की तुझं पुढचं चाक झिजलंय, त्यावर घाट उतरू नको.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"काकी, सकाळपासून सगळे मला थांबवायला कारण शोधतायत," ती म्हणाली. "तुम्ही पण शोधाल असं वाटलं नव्हतं."

"कारण नाही गं. रिम आहे ती. हात लावून बघ."

तिने लावला. झिजलेली रिम आणि चांगली रिम यांतला फरक ज्याने दोन्ही हाताळल्यात त्याला कळतो. तिला गुळगुळीत कड लागली, बस.

"मग आप्पांनी खूण का लावली?"

याचं उत्तर मला येत होतं. ते वेशीवर उभं राहून उच्चारलं असतं, तर गावाला कळायला आरतीएवढाही वेळ लागला नसता. मी गप्प राहिले, आणि अस्माला जे समजायचं ते तिने समजून घेतलं. तरीही मी तिच्याकडून एवढं कबूल करून घेतलं, की टायरमधली थोडी हवा सोडू, म्हणजे रिमवरचा जोर कमी होईल. तिने माझ्या समाधानासाठी सोडू दिली. मी वॉल्व दाबून फुस्स करून निम्म्यावर आणली आणि नवऱ्याला शोधायला गेले.

प्रल्हाद पिकअपमध्ये पाण्याचे कॅन चढवत होता. दरवर्षी तीच गाडी सायकलींच्या मागून जाते, पाणी आणि पट्ट्या घेऊन. मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, म्हणजे त्याचा माझ्यावर विश्वास बसला होता. पण म्हणाला, आजच्या दिवशी नको, सणाचं नको, सगळ्यांदेखत नको. मग त्याला एक तोडगा सुचला आणि त्यालाच तो फार आवडला.

"मी गाडी तिच्या मागंच ठेवतो. अगदी मागं."

"मागं राहून काय करणार? उचलून आणणार?"

त्याने कॅन खाली ठेवला आणि पुन्हा वर उचलला. मी तिथून निघाले.

वेशीवर परत आले तर जयवंतराव सरनोबत, दसरा कमिटीचे सेक्रेटरी, अस्माच्या सायकलजवळ उभे होते आणि पायपंप मारत होते. सकाळी तिच्या नावाला सगळ्यात मोठ्याने विरोध करणारे हेच. पण खूण लागल्यावर ते बदलले होते. पोरगी जाणारच आहे तर आमच्या गावाची म्हणून नीट जाऊ दे, असं त्यांचं चाललं होतं. कुणीतरी हवा सोडलीय, खोडसाळपणा आहे, मला माहीत आहेत कोण ते, असं म्हणत ते भसाभस पाय मारत होते. उतारावर हवा कडक पाहिजे, म्हणाले. अंगठ्याने टायर दाबून बघितलं, समाधान झालं नाही, आणखी मारली. टायर दगड झाला. मी त्या रिमच्या कडेकडे बघत होते आणि मला ती फुगलेली दिसत होती. फुगली नव्हती, पण दिसत होती.

अस्मा माझ्याकडे बघून नाही, सरनोबतांकडे बघून हसली. थँक्यू अंकल, म्हणाली.

आरती सुरू झाली. मी दुकानाकडे वळले.

दुकानात मामा एकटेच होते. खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं पाटावर मांडतो. पाने, हातोडी, तारा आवळायची चावी, लोखंडी पट्टी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. सोनं वर येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, त्यांची सुट्टी. म्हणूनच तर दसऱ्याची तपासणी नुसत्या बोटांनी होते. मामा त्या पाटासमोर पाय दुमडून बसले होते. चहाचा पेला बाजूला थंड झाला होता. मी आत आल्याचं कळूनही त्यांनी मान वळवली नाही.

मी म्हटलं, "मामा, खूण पुसायला पाहिजे."

"खूण पुसत न्हाईत."

"चाक गेलंय."

त्यांनी पाटावरचा झेंडू सरळ केला. वेशीवरून घंटेचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "किती?"

"नख बुडतंय. दोन्ही बाजूंनी. आणि सरनोबतांनी हवा दगडासारखी भरलीय."

मामांनी आता मान वळवली. मी त्यांच्या रागाची वाट बघत होते. तो सोसायची तयारी करून आले होते. पण ते रागावले नव्हते, गोंधळले होते.

"मग हसलीस कशाला?"

मला काही कळेना.

"चाक धरलं हुतंस तवा हसलीस तू. मी बघत हुतो की."

"अस्माकडे बघून हसले मी. ती एवढी घाबरलेली, आणि तरी..." मी थांबले. "त्याचा चाकाशी काय संबंध?"

मामांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला. अंगठ्यावर गणपतीतला डाग अजून होता, आणि त्यावर सकाळचं कुंकू.

"ह्यात मला काय कळत न्हाई, शालन. दोन दसरे झालं. जळलं तरी कळत न्हाई, तू बघितलंस न्हवं."

"मग खूण कशी लावता?"

"तुझ्या तोंडाकडं बघून."

बाहेर आरती संपली आणि नारळ फुटला. मामा घाईने बोलू लागले, खाली बघून, पोराने चोरी कबूल करावी तसे. म्हणाले, चाक तुझ्या हातात असतं, तुला सगळं आधी कळतं, आणि तुझ्या तोंडावर काही लपत नाही. चाक चांगलं असलं की तू सैल असतेस. काही डाचलं की कपाळाला आठी येते. मला तेवढं पुरतं. मी अंगठा फिरवतो तो लोकांसाठी. आज तू हसलीस, मला वाटलं चाक कोरं करकरीत आहे. मग तू म्हणालीस परत बघा, आणि परत बघायला माझ्याकडे होतं काय? तुझं तोंड मी बघून बसलो होतो.

त्यावर मला रडू यायला हवं होतं, किंवा राग तरी. तेवढा वेळ नव्हता. नारळ झाला की पाटील दोन शब्द बोलतात आणि त्यांचे दोन शब्द कधी दोनशे होतात, कधी खरंच दोन.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

मामा उठले. पाटावरची पट्टी उचलली, मग मोठा पाना उचलला. हत्यारांची सुट्टी मोडताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. पान्यावर अक्षता चिकटल्या होत्या, त्या फुंकरीने उडवल्या आणि पुटपुटले, "माफ कर बाई." ते पान्याला म्हणाले की मला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"हंजेसरांची सायकल हाय न्हवं टांगलेली? तिचं फुडचं चाक घे," म्हणाले आणि चपला न घालताच बाहेर पडले.

हंजेसर आमच्या हायस्कूलचे. त्यांची सायकल गिअर अडकतो म्हणून दुकानात आली होती आणि ते सुट्टीला सासुरवाडीला गेले होते. चाकाचं माप तेच. मी रिमवर नख फिरवलं, दोनदा. कड सरळ, कोरी. त्या चाकाने कधी घाट बघितलाच नव्हता. सर हे वाचत असतील, तर त्यांनी आता रागावू नये.

मी चाक खांद्याला लावून धावत वेशीवर पोचले तेव्हा पाटलांची शिट्टी ओठांत होती. मामा रांगेच्या पुढं, रस्त्याच्या मधोमध, अनवाणी उभे होते, हातात पट्टी आणि पाना. शिट्टी वाजवायची तर त्यांच्या अंगावर वाजवायला लागली असती. पाटलांनी ती खाली घेतली.

मामा अस्माच्या सायकलपाशी गेले. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि नळीवरचं कुंकू पुसलं. ते नीट निघालं नाही, लाल फराटा उमटला. मागून कुणीतरी म्हणालं, बरं झालं, देवालाच नको होतं. अस्माच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि तिने हँडल घट्ट धरलं.

"आप्पा, पोरीची खूण पुसताय?" सरनोबत म्हणाले.

"पोरीची न्हवं," मामा म्हणाले. "माझी."

मग ते गावाकडे तोंड करून उभे राहिले. मोठ्याने बोलायची त्यांना सवय नव्हती.

"सगळ्यांनी उतरा खाली. अंगठा मेलाय माझा. तुमच्या कुणाच्या चाकाचं मला काय बी कळलेलं न्हाई. आता ही बघंल, मग जावा."

सायकलींच्या साखळ्यांचा आवाज थांबला. प्रल्हाद पिकअपच्या दारात एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभा होता. मी मामांकडे बघू शकले नाही. बाबालाल शिकलगार गर्दीतून पुढं आले आणि काही न विचारता मामांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ते मला फार बरं वाटलं.

मी पान्याने अस्माचं चाक सोडवलं. हळद माझ्या बोटांना लागत होती. लोखंडी पट्टी रिमच्या कडेवर आडवी धरली आणि चाक उन्हाकडे केलं. पट्टी नि रिम यांच्यामधून उजेड आला, चंद्रकोरीसारखा. मी तो अस्मालाच दाखवला. मग तीच पट्टी हंजेसरांच्या चाकावर धरली. उजेड नाही.

तिने दोन्ही परत परत बघितली. सरनोबतही वाकून बघायला लागले. बघून झाल्यावर ते पायपंप हळूच पायाने रस्त्याच्या कडेला सरकवताना मला दिसले.

"काल स्टँडवरून घरी येताना मी हात सोडून चालवली ही," अस्मा अगदी हळू म्हणाली. "काकी, अम्मीला सांगू नका."

मी नवं चाक बसवलं, ब्रेकची रबरं कडेला सारखी टेकतात ना ते बघितलं, आणि रांगेच्या पहिल्या सायकलीकडे गेले. एकाने विचारलं, आता बाईमाणूस बघणार का? त्याची सायकल मी चारच दिवसांपूर्वी खोलून जोडली होती, आणि ते त्याच्या शेजाऱ्याने त्याला सांगितलं. त्याने चाक उचललं.

मी सगळी चाकं बघितली. ऊन चढत होतं, पाटील घड्याळ बघत होते. आदल्या पंधरवड्यात हीच चाकं मी गाणी गुणगुणत तपासली होती. आता प्रत्येक कड मला खोल वाटत होती, एकेक चाक दोनदा फिरवत होते. मामा बाजूला उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम दरीकडे तोंड करून उभे होते. तेव्हा मला कळलं, की आजवर मी एकटीने कधी एकही चाक पास केलं नव्हतं. चुकलं तर वर मामांचा अंगठा आहे, असं मला वाटायचं, आणि अंगठ्याला वाटायचं, मी आहे.

एक सायकल मी थांबवली, पंधरवड्यात माझ्या नजरेतून सुटलेलं तिचं रबर लोखंडापर्यंत झिजलं होतं. बाकीच्या गेल्या. कुंकवाची डबी दुकानातच राहिली होती, त्यामुळे अस्मा बिनखुणेची गेली, नळीवर नुसता तो लाल फराटा घेऊन. शिट्टी वाजली आणि सायकली वळणाआड गेल्या. थोडा वेळ ब्रेकची चरचर वर ऐकू येत राहिली, मग तीही नाही.

खाली जायला वेळ लागत नाही. वर यायला लागतो. लोक पांगले, सणाचा स्वयंपाक होता. माझ्याही चुलीवर काही चढलेलं नव्हतं, पण मी गेले नाही. वेशीच्या कट्ट्यावर मामा बसले, थोडं अंतर ठेवून मी बसले. आमच्याकडे सासऱ्यासमोर सुना बसत नाहीत. त्या दिवशी दोघांनाही आठवलं नाही.

खालून एखादा ट्रक वर आला की मी उठून उभी राहायची. ड्रायव्हर काही सांगतोय का बघायची. ते नुसते हॉर्न वाजवून जायचे. मामा एकदाच बोलले, देवीच्या वळणाच्या पुढं गेली असतील.

उन्हं कलली तेव्हा पहिली सायकल दिसली. मग दोन. मग घोळका. अस्मा शेवटच्या चार-पाचांत होती, सायकलवरून उतरून ढकलत, तोंड लालबुंद, ओढणीत आपट्याच्या पानांचं गाठोडं. आमच्यासमोर थांबली, गाठोडं सोडलं, मामांच्या हातावर पानं ठेवली, आणि धापा टाकतच वाकून पाया पडली. मामा हातातल्या पानांकडे बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताने ती चाचपली, जरा वेळ.

ती गेल्यावर माझं अंग एकदम सैल पडलं आणि डोकं चालू झालं. ते चालू झालं ते वाईट दिशेने. दोन दसरे, म्हणाले होते मामा. दोन दसऱ्यांची सगळी चाकं माझ्या तोंडाकडे बघून घाटात गेली होती. मी आठवू लागले, की त्या वेळी माझ्या तोंडावर काय होतं. मागच्या साली तर मी अर्धा वेळ कान आतल्या कुकरकडे लावून शिट्ट्या मोजत होते. आणि मग मला एकदम गणपत खोत आठवला.

"मामा, मागच्या दसऱ्याला खोतांची सायकल परत पाठवलीत तुम्ही."

"व्हय."

"ती कशावरून?"

"कपाळाला ही एवढी आठी हुती तुझ्या. मी म्हटलं, चाक गेलेलं दिसतंय."

गणपत खोत त्या दिवशी मान खाली घालून घरी गेला होता. दुसऱ्याच आठवड्यात त्याने दोन्ही चाकं भंगारात घालून नवी बसवली, आणि दिवाळीत पेढ्यांचा पुडा घेऊन आला. आप्पांनी मला मरणाच्या दारातून ओढलं, असं तो तालुक्यात सांगत फिरत होता.

"मामा," मी म्हटलं, "खोताचं चाक कोरं होतं. मीच त्याचा आऊट काढला होता. माझी दाढ ठणकत होती."

मामांनी हातातली आपट्याची पानं टॉवेलात गुंडाळली.

"पेढं खाल्लंस न्हवं तू बी?" ते म्हणाले. "मग गप बस."